पाचावरचा मस

ज्ञानदेव शेलार यांच्या हातात नवा मोबाइल दिला, की ते आधी तो पोत्यात घालतात.

पोते ज्वारीचे, रिकामे. शेलार उजवा हात मनगटापर्यंत आत सारतात, डावा पाठीमागे ठेवतात, नजर समोरच्या भिंतीवर रोखतात आणि पोत्याच्या आतल्या आत, न बघता, माझा नंबर लावतात. माझाच का, तर मी शेजारी राहतो आणि पत्रकाराला दिवसभर काम नसते असे त्यांचे मत आहे. माझा फोन वाजला तर मोबाइल पहिल्या फेरीत पास. नाही वाजला तर नापास. मधल्या एका प्रकाराची नोंद करायला हवी. एकदा पोत्यातून लागलेला फोन वाईच्या एका लग्नघरात गेला. पलीकडच्या माणसाने काय विचारले ते आम्हाला कळले नाही, पण शेलारांनी पोत्यात तोंड घालून त्याला खडसावले, "राँग नंबर लावलाय तुमी! ठेवा!"

मेढ्यात एसटी स्टँडच्या मागच्या आळीत आमची घरे एकमेकांना लागून आहेत. शेलार सैन्यात वायरलेसवर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना ज्ञानदेव म्हणणारे आता फारसे कोणी उरलेले नाही. आळी त्यांना सिग्नलआबा म्हणते. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, मिशी पांढरी, आणि आवाज असा की त्यांनी घरात चहा मागितला तर स्टँडवरचा टपरीवाला "आलो" म्हणतो.

बटणांच्या स्वस्त मोबाइलची पारख करण्याचे काम त्यांना कोणी दिलेले नाही. जावळीच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर अजून हेच फोन चालतात. भाताच्या चिखलात हात भरलेला असताना काचेवर बोट फिरवून उपयोग नसतो, बटण दाबावे लागते. बाजारच्या दिवशी माणसे पोपटशेठच्या दुकानातून फोन उचलतात आणि पैसे देण्याआधी आबांच्या ओट्यावर येतात. पोपटशेठने सुरुवातीला याला हरकत घेतली. मग आबांकडून पास होऊन आलेला फोन परत येत नाही असे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने ओट्यावर बसायला एक बाकडे पाठवून दिले.

या तपासणीला आबा 'मेडिकल' म्हणतात. सातारा जिल्ह्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भरतीला उभा राहिलेला मुलगा धावण्यात पास होतो, छाती फुगवण्यात पास होतो आणि मेडिकलला अडकतो, हे प्रत्येक घराने पाहिले आहे. आबा फोनलाही तसेच उभे करतात. त्यांच्याकडे शाळेची दोनशे पानी वही आहे. डाव्या बाजूला फोनचे वर्णन, "काळा, जाडा, कमरेला पट्टा", आणि उजवीकडे निकाल. निकाल दोनच, फिट आणि अनफिट.

पोत्यानंतर पिठाची परीक्षा. ही शांताकाकू, म्हणजे आबांच्या पत्नी, घेतात. भाकरी थापता थापता, पिठाच्या हाताने त्यांनी फोन उचलून बोलायचा आणि ठेवायचा. पीठ बटणाच्या फटीत गेले तर अनफिट. मग खिशाची परीक्षा: सदऱ्याच्या वरच्या खिशात फोन ठेवून आबा तण भांगलायला वाकल्यासारखे वाकतात. फोन खाली पडतोच. पडून झाकण एकीकडे, बॅटरी एकीकडे आणि सिमकार्ड गटारात गेले तर अनफिट. मग गिरणी. चालू गिरणीच्या दारात फोन ठेवायचा, दुसऱ्या कोणीतरी लावायचा आणि रांगेतल्या बायकांनी वाजला की हात वर करायचा. आबा बायकांचे हात मोजतात.

"माझं लगीन ठरलं तवा माझी एवढी परीक्षा न्हवती घेतली," शांताकाकू एकदा म्हणाल्या.

"तवा घेतली असती तर?" मी विचारले.

"तर मीबी ह्यांची घेतली असती. पोत्यात घालून."

सर्व बटणांमध्ये आबांचे प्रेम पाचावर आहे. बटणांच्या कोणत्याही फोनवर पाचाच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो. बहुतेकांना तो असतो हेच माहीत नसते. आबा त्याला 'पाचावरचा मस' म्हणतात आणि फोन हातात घेताच अंगठ्याने आधी तो चाचपतात, वैद्याने नाडी बघावी तसा.

"गावाच्या मध्यावर मारुतीचं देऊळ असतंय का न्हाई? तसा ह्यो पाच," ते सांगतात. "देऊळ सापडलं की कुनाचंबी घर सापडतंय. वर दोन, खाली आठ, हिकडं चार, तिकडं सहा. फोन डोळ्याला दिसून उपेग न्हाई गड्या, बोटाला दिसला पायजे."

'बोटाला दिसला पायजे' हे त्यांचे पहिले पालुपद. दुसरे 'ते खातं येगळं'. एखाद्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नसले की आबा समोरच्याकडे क्षणभर बघतात, मिशीवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "ते खातं येगळं." मी त्यांना एकदा विचारले, आबा, पाऊस कधी थांबेल? "ते खातं येगळं." एकदा विचारले, चहा घेणार का? "ते खातं येगळं." फौजी माणूस, गुप्ततेची सवय, असे मी समजलो. त्यांना मागून हाक मारलेली चालत नाही, हेही आळीला माहीत होते. हवालदार मागच्या हाकेला वळत नसतो, असे पोपटशेठ आदराने सांगत असे.

आता शेवटच्या परीक्षेकडे येतो. तिच्यावरून आळीत आबांच्या डोक्याबद्दल चर्चा होत असे.

सगळ्या परीक्षांत पास झालेला फोन घेऊन आबा अंगणात उभे राहत. ज्याचा फोन असेल त्याने आपला दुसरा, जुना किंवा उसना फोन कानाला लावून आळीच्या टोकाला जायचे. फोन जोडलेला असताना आबा पाच दाबत. एकदा झटक्यात. एकदा दाबून धरून.

"काय ऐकू आलं?" आबांची आरोळी. तिला फोनची गरज नसे.

"टिक!"

"आनि आता?"

"टिक!"

हात वर करून, बोटांनी, उत्तर पुन्हा द्यावे लागे: एक बोट म्हणजे तोकडा आवाज, पूर्ण पंजा म्हणजे लांब. प्रत्येक वेळी एकच बोट वर येई. आबा वहीत लिहीत, अनफिट.

अंगणवाडीत मदतनीस असलेल्या सुमनताईंनी यावर पहिला जाहीर आक्षेप घेतला. त्यांचा फोन पोते, पीठ, खिसा आणि गिरणी पार करून आला होता.

"आवं आबा, मला बोलताना मधीच पाच कशाला दाबायचाय?"

"तुमाला न्हाई दाबायचा. तुमचा फोन फिट हाय. घेऊन जावा."

"मग अनफिट का लिवलंय?"

"ते खातं येगळं."

या वेळी त्यांनी प्रश्न नीट ऐकला होता आणि उत्तरही खरे होते. मी वही पाहिली. निकालाचे रकाने दोन होते. पहिल्यावर लिहिले होते 'जनता'. दुसऱ्यावर 'जत'. जनतेच्या रकान्यात फिट आणि अनफिट यांची मिसळ होती. जतच्या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शब्द होता.

जत म्हणजे मल्लाप्पा, हे मला त्या दिवशी कळले.

त्याआधी मला एवढेच ठाऊक होते की आबा रोज सकाळी सहा वाजता अंगणातल्या दगडावर बसून फोन लावतात, कानाला धरतात आणि एक शब्द न बोलता अंगठ्याने एकच बटण दाबत राहतात. दाबतात, थांबतात, ऐकतात, हसतात, पुन्हा दाबतात. बरेच महिने माझा समज होता की ते कुठेतरी तक्रार नोंदवत आहेत आणि तिकडून त्यांना मराठीसाठी दोन, मागे जाण्यासाठी नऊ असे फिरवले जात आहे. हसण्याचा खुलासा मात्र होत नव्हता. मग एक दिवस फोन झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर कित्येक महिने आबा सहा वाजता दगडावर नुसते बसून राहत.

मी समोर जाऊन बसलो आणि विचारले. ते बोलले.

जत तालुक्यातला मल्लाप्पा मेंढपाळाच्या घरातला. घरात कानडी, बाजारात मराठी. आबा आणि तो एकाच दिवशी सिग्नलला आले, एकाच खोलीत शिकले, आणि पुढे वर्षानुवर्षे दोन टोकांच्या दोन ठाण्यांवरून एकमेकांना संदेश पाठवत राहिले. त्या काळी संदेश ठोक्यांचे असत. तोकडा ठोका, लांब ठोका, त्यांची जुळणी म्हणजे अक्षर.

"अक्षरं इंग्रजी, शब्द हिंदी आनि शिव्या मराठी," आबा म्हणाले. "कामाचं संपलं की गप्पा. सायबाला वाटायचं लय काम चाललंय."

"आणि आता?"

"आता त्याचा गळा बसलाय. तीन वरसं झाली. बिचाऱ्याला बोलाया येत न्हाई. वाचाच गेली म्हना."

दारात उभ्या असलेल्या शांताकाकूंनी हे ऐकून पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या. मी त्याची नोंद दुःख अशी केली.

मल्लाप्पाला बोलता येईना, तेव्हा त्याने फोनवरच पाचाचे बटण दाबून ठोके पाठवले. त्याच्या जुन्या फोनवर बटण जितका वेळ दाबावे तितका वेळ पलीकडे सूर वाजे. तोकडे तोकडे, लांब लांब. आबांनी तसेच उत्तर दिले. दोन-सव्वादोन वर्षे असे चालले. मग मल्लाप्पाचे पाचाचे बटण झिजले, आत गेले आणि वर आले नाही. नवा फोन घेतला, तर त्यावर कितीही दाबून धरले तरी पलीकडे तेवढेच टिक. बहुतेक नव्या फोनांची हीच तऱ्हा निघाली.

"जनू दोस्त बोबडा झाला," आबा म्हणाले. "नुसतं टिकटिक टिकटिक. त्यात अक्षर कुठलं काडायचं?"

मी व्यवसायाला शोभेल असा उपाय सुचवला. मल्लाप्पांना लिहिता येते ना? मग संदेश लिहून पाठवावा. नाहीतर तोकड्या ठोक्याला एक दाबावा, लांबला दोन.

आबांनी माझ्याकडे फार दयेने पाहिले.

"पत्रकार, लिवलेलं आलं की बातमी कळती. ठोका आला की मानूस कळतंय. प्रत्येकाचा हात येगळा असतोय. मल्लाप्पा लांब ठोका जरा जास्तीच लांबवतोय, मेंढरामागं हाळी दिल्यागत. ताप असला की त्याचा हात जड पडतोय. बायकू भांडली असंल तर दोन ठोक्यात फट ऱ्हाती. हे तुमच्या लिवन्यात येतंय व्हय?"

येत नाही, हे मला मान्य करावे लागले.

म्हणजे तालुक्यासाठी चाललेली ही मोफत सेवा मुळात एका माणसासाठी होती. पोते आणि पीठ जनतेसाठी होते. आबा शोधत होते तो, पाच दाबून धरला की सूर लांबवणारा, एक फोन. जनतेचे फोन त्या निमित्ताने हाताखालून जात होते.

आबांनी हे फक्त मला सांगितले होते, आणि मी ते कोणाला सांगितले नाही. त्यामुळे पुढची गंमत झाली. आबा पाच दाबतात हे लोकांनी पाहिले होते. का दाबतात हे कोणाला माहीत नव्हते. तेव्हा लोकांनीही पाच दाबायला सुरुवात केली. आधी पोपटशेठच्या दुकानात गिऱ्हाईक स्वतःच म्हणू लागले, "शेठ, पाच लांब वाजतोय का बगा." मग आठवडी बाजारात. मग पाहुण्यांकडून पाहुण्यांकडे. मी या विषयावर बाजारात उभे राहून माहिती गोळा केली. एकाने सांगितले, पाच लांब वाजला की बॅटरी टिकते. दुसऱ्याच्या मते त्यावरून टॉवर किती लांब आहे ते कळते. एका आजीबाईंनी सांगितले की लांब वाजणाऱ्या फोनवरून लावले, तर मुंबईच्या मुलाला तो उचलावाच लागतो. त्यांना असा फोन अजून मिळालेला नव्हता, पण त्या शोधात होत्या.

"येडा झालाय तालुका," शांताकाकू म्हणाल्या. "एकाचं बगून दुसरं."

वेडे झाले हे खरे, पण काम त्यातूनच झाले. सुमनताईंचा भाऊ कोयनानगरला, धरणाच्या वसाहतीत राहतो. त्या राखीला तिकडे गेल्या होत्या. तिथल्या एका लहानशा दुकानात, छत्र्या आणि विजेऱ्यांच्या मागे, दोन फोन खोक्यात पडून होते. खोकी उन्हाने पिवळी पडलेली. सुमनताईंनी, कारण माहीत नसताना, केवळ आता तशी रीत आहे म्हणून, भावाला दुकानाबाहेर उभे केले आणि पाच दाबून धरला.

फोन त्यांनी मला केला. "दादा, पंजा वर आला! टीईई वाजतंय! आबांना सांगा. त्यांना लावला तर 'हॅलो हॅलो' करत्यात आनि ठेवून देत्यात."

मी ओट्यावर जाऊन पंजा वर केला. आबा उठून उभे राहिले. बसलेल्या जागेवरून ते न टेकता उठल्याचे मी पहिल्यांदाच पाहिले.

दोन्ही फोन आले आणि रीतसर मेडिकल झाले. निकाल मी वहीतून जसाच्या तसा देतो. पोते: अनफिट, बटणे फार जवळ. पीठ: अनफिट. खिसा: अनफिट, झाकण बाकड्याखाली सापडले. गिरणी: एकही हात वर नाही. फोनची विजेरी: त्यापेक्षा काजवा बरा. आणि खाली, जतच्या रकान्यात, शाई दोनदा फिरवून जाड केलेले अक्षर: फिट.

आबांना गुडघ्यामुळे तीन एसट्या बदलून जतला जाणे जमण्यासारखे नव्हते. आमच्या सांगली आवृत्तीचा माणूस त्या सुमारास रजेवर होता आणि टँकरच्या गावांची फेरी माझ्याकडे आली होती. आबांनी एक फोन राखीव म्हणून ठेवला, दुसरा टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिला. निघताना तीनदा बजावले, "त्याला बोलाया लावू नका. तरास हुतोय गळ्याला."

जतच्या पुढे मल्लाप्पांची वस्ती माळावर आहे. टँकरच्या रांगेत लावलेल्या घागरी, बोरी-बाभळी, आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत ज्वारीचे कोरडे रान. मी रस्त्यावर उतरलो तेव्हा लांबून कोणीतरी मेंढरांना हाळी देत होते. कानडी मला येत नाही, पण मेंढरे एका दमात वळली एवढे दिसले. हाळी देणारा काठी टेकत माझ्याकडे आला. उंच, वाळलेला, खांद्यावर घोंगडी, आणि डाव्या कानावर हात ठेवून ऐकण्याची सवय.

मी मल्लाप्पांचे घर कोणते म्हणून विचारले, तर त्याने छातीवर हात ठेवला.

मुक्या माणसाशी कसे वागायचे याची मी तयारी करून आलो होतो. वही काढली, मोठ्या अक्षरांत 'मला मेढ्याहून आबांनी पाठवले आहे' असे लिहिले आणि त्यांच्यासमोर धरले. त्यांनी ते शांतपणे वाचले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अरारा," ते त्याच आवाजात म्हणाले, ज्यात मेंढरे वळली होती. "तुमाला बोलाया येत न्हाई व्हय?"

काही क्षण मला खरोखरच आले नाही.

"बर्री, बर्री, या, बसा की," म्हणत त्यांनी मला लिंबाखाली घोंगडीवर बसवले. सुनेने ताक आणले. मी विचारले, गळ्याचे काय?

"कशाचं?"

"तुमचा गळा बसलाय. तीन वर्षे. आबा सांगतात."

मल्लाप्पा हसले आणि मग हसायचे थांबले.

"माझा गळा बरा हाय. त्याचं कान गेल्यात." त्यांनी आपला डावा कान दाखवला. "हेडफोनातली खरखर, रोज, इतकी वरसं. माझा ह्यो एक गेला, त्याचं दोन्ही जाया लागल्यात. मी बोलायचो, त्यो वरडायचा, 'मल्लाप्पा, मोट्यानं बोल, तुझा गळा बसलाय.' मी आनि मोट्यानं बोलायचो. मेंढरं पळायची, पर त्याला कळायचं न्हाई. कान दाव म्हनलं की फोन ठेवायचा. चार दिस लावायचा न्हाई. एकदा चिडून मी पाच दाबला. ठोक्यातनं शिवी दिली. तर गडी हसला! ठोका त्याला ऐकू येतोय. शब्द कळत न्हाईत, सूर कळतोय."

"मग गळ्याचे?"

"त्यो म्हंतोय माझा गळा बसलाय. मग बसला. सिग्नलचा मानूस, त्याला कान गेलं म्हनायचं म्हंजे..." त्यांनी वाक्य सोडून दिले. "तीन वरसं झाली, त्याच्याशी त्वांडानं एक शब्द बोललो न्हाई. घरात सगळ्यास्नी सांगून ठेवलंय, मेढ्याचा फोन आला की आजा मुका."

मी ताक खाली ठेवले. पोत्यात तोंड घालून खडसावलेले वाईचे लग्नघर, गिरणीत मोजलेले हात, एक बोट आणि पंजा, पाठीमागून मारलेल्या हाका, चहाच्या प्रश्नाला आलेले 'ते खातं येगळं', काकूंचा पदर. हे सगळे मी पाहिले होते, त्यातले पुष्कळसे टिपूनही ठेवले होते. बातमी शेजारच्या ओट्यावर बसून होती आणि मी टँकर मोजायला जतला आलो होतो.

मी टॉवेलात गुंडाळलेला फोन पुढे केला. मल्लाप्पांनी टॉवेल सोडला. अंगठ्याने पाचावरचा मस चाचपला, आबा चाचपतात तसाच. नंबर लावला. पलीकडून "हॅलो" ही आरोळी मलाही ऐकू आली. मल्लाप्पांनी ओठ मिटले आणि दाबायला सुरुवात केली. तोकडा, तोकडा, लांब. लांब ठोका जरा जास्तच लांब.

मग फोनमधून सूर येऊ लागले, घाईघाईने, एकमेकांना धक्के देत. मल्लाप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"काय म्हणतात?" मी हळूच विचारले.

त्यांनी फोनवर तळहात दाबला. "शिवी दिलीया. लय जुनी. ठोक्यावर ठोका चढतोय गड्याचा." मग म्हणाले, "तुमी त्याला सांगनार?"

"नाही."

"मग ताक प्या."

परत आल्यावर मी शांताकाकूंना एकट्या गाठून विचारले, तुम्हाला माहीत होते? त्या भाकरी थापत होत्या. "चाळीस वरसं संसार केला, मला ठावं नसंल व्हय? कान म्हनलं की अंगावर येत्यात. म्हनून गप ऱ्हाते." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "त्या मल्लाप्पाभावजींना सांगा, गळ्याभवती मफलर गुंडाळून एक फोटू पाठवा म्हनावं. नाटक करायचं तर नीट करा."

आता सकाळचे सहा पुन्हा सुरू झाले आहेत. आबा दगडावर बसतात, दाबतात, थांबतात, हसतात. मेडिकलही चालू आहे. फोन मिळाल्यावर ते बंद होईल असे मला वाटले होते. "जनतेचं काय मग?" असे आबांनी मलाच विचारले.

गेल्या आठवड्यात एक दिवस त्यांचे ठोके नेहमीपेक्षा लांबले. मी कुंपणापाशी चूळ भरत होतो. आबांनी फोन खाली ठेवला, पण उठले नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मल्लाप्पाला मिरजेला न्यायचाय. गळा दावायला. डाक्टर गाठून दिलाय पोरानं. पर एकट्याला भ्या वाटतंय म्हंतोय. तू सोबत आलास तरच जातो, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

मल्लाप्पांना कशाचे भय वाटत असेल असे मला वाटत नाही. पण मी म्हणालो, जायला हवे.

"जानार की. गुडघ्याला पट्टा बांधतो. दोस्त हाय." ते फोन पुसत वळले. त्यांची पाठ माझ्याकडे झाली.

"आबा, डॉक्टर नुसते गळ्याचे आहेत?" मी मागून विचारले. विचारायला नको होते. सवय गेली नव्हती.

उत्तर आले नाही. शांताकाकू दारातून उतरल्या, त्यांनी आबांच्या खांद्याला हात लावला आणि माझ्याकडे बोट दाखवले. आबा सावकाश वळले. आधी त्यांनी काकूंकडे बघितले, मग माझ्याकडे. मिशीवरून बोट फिरवले. मी 'ते खातं येगळं' ऐकायच्या तयारीत होतो.

"मागनं इचारलं व्हय काय?" ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता, खाली होता. "मागचं मला ऐकू येत न्हाई, पत्रकार. म्होरं येऊन इचारा."

मी कुंपण ओलांडून पुढे गेलो आणि विचारले.

"कान, नाक आनि गळा. तिन्हीचा एकच डाक्टर हाय," आबा म्हणाले. "मल्लाप्पाला वाटतंय मला ते ठावं न्हाई. वाटू दे. त्वांड उघडून बोलंल तवा बगतो त्याच्याकडं."

त्यांनी वही पुढे केली. मेडिकलच्या शेवटच्या ओळीत, फोनच्या वर्णनाच्या जागी लिहिले होते: ज्ञानदेव शेलार, जुना, पाठ ताठ, आवाज मोठा. पुढचे दोन्ही रकाने कोरे होते.

"ते मिरजेत भरायचं," आबा म्हणाले, आणि आत बघून त्यांनी चहा मागितला. स्टँडवरून टपरीवाला म्हणाला, "आलो."